अमर जोडपं आणि माझा शहाणपणा

आमच्या सिडकोतल्या गल्लीत त्या दोघांना सगळे अमर जोडपं म्हणायचे. करमाडजवळ त्यांची जीप उलटली, तीन कोलांट्या खाऊन नाल्यात पडली आणि हे दोघं धूळ झटकत वर आले. पुढं वहिनींना कॅन्सर झाला, त्यातून त्या उठल्या. दादांच्या हृदयानं दोनदा दगा दिला, दोनदा पुन्हा चालू झालं. "यमाच्या वहीतलं आमचं पान उंदरानं खाल्लंय," दादा ज्याला त्याला सांगायचे. वहिनी म्हणायच्या, "तो उंदीर मीच पाळलाय."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि त्यांचं बोलणं बंद पडलं.

झालं असं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपलेल्या असताना फुलंब्रीहून फोन आला, धाकट्या बहिणीचं काही खरं नाही, लगेच या. दादांना वाटलं, ही रडेल, डोळ्याला इजा होईल. झोपू द्यावं थोडं. संध्याकाळचा चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. तोवर बहीण गेली होती.

"पाऊण तासाचा तर रस्ता होता," एवढंच वहिनी बोलल्या. तेराव्यानंतर त्या परतल्याच नाहीत. तिथंच भाचेसुनेजवळ राहिल्या. दादा दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा ओसरीवर बसून, पाणी पिऊन परत.

त्यांचा डबा माझ्याकडून जायचा. अर्धा तसाच परत यायचा. ते बघून माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी, माझे मिस्टर आणि समोरचे काका, असे आम्ही तिघं बसलो. काकांचा जन्म एका दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेलेला, त्यांच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवला असता.

"दादांच्या छातीत दुखतंय म्हणून कळवा," मी म्हणाले. "त्या एकदा दारात आल्या की पुढचं आपोआप होईल."

"खोटं कशाला सांगायचं?" मिस्टर म्हणाले.

"भल्यासाठीच तर सांगतोय ना!"

रविवारी सकाळी दादांना आम्ही नाश्त्याला बोलावलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी बाहेर जाऊन फोन केला, दादांना आमच्याकडं आणलंय असं सांगितलं. तासाभरात दाराशी रिक्षा थांबली. वहिनींच्या पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला होत्या. त्या आत आल्या, तर दादा पोहे खात बसलेले.

क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जमलं! मग त्यांनी आमच्याकडं बघितलं.

"कुणाची अक्कल ही?"

"माझी," मी म्हणाले.

"एक फोन यांनी दडवला, एक तुम्ही खोटा केला. मी माणूस हाय का बाहुली?"

दादा उठून उभे राहिले. "मला ठाव नव्हतं गं."

"व्हय, नसंल ठाव. खा तुम्ही." त्या त्याच रिक्षानं परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दादा रिकामा डबा घेऊन आले. "ताई, उद्यापासून नको." त्यानंतर ते आमच्याकडं फिरकले नाहीत.

आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी काकांनी हाक मारली. दादांचा डावा हात लुळा पडला होता, तोंड किंचित वाकडं. बोलणं जड होतं, पण कळत होतं. दवाखान्यात पलंगावर घेतल्याबरोबर त्यांनी विचारलं, "तिला कळवलं का?"

"हो, कळवलं," मी म्हणाले.

कळवलं नव्हतं. मला वाटलं, आता त्या माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. रिपोर्ट येऊ दे, मग डॉक्टरांशीच बोलणं करून देऊ. मधेच दादांनी परत विचारलं, "निघाली का?" मी मान हलवली. रिपोर्ट दुपारी आला. तोवर दुसरा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती.

मी फोन लावला. "वहिनी, शप्पथ सांगते, या वेळी खरंच..."

"निघाले," त्या म्हणाल्या. एकही प्रश्न विचारला नाही.

आता दोन वर्षं झाली, त्या घरीच आहेत. दादांना भरवतात, पेपर वाचून दाखवतात, जेवले नाहीत तर रागावतात. दादा नुसते डोळ्यांनी त्यांच्या मागं मागं फिरतात.

मागच्या महिन्यात भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "त्या सकाळी बोलत होते का गं काही?"

"तुमचंच विचारत होते."

त्यांचे हात थांबले. "मग मला दुपारी का कळलं?"

मी जसं घडलं तसं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दादांची कूस बदलायची वेळ झाली होती, त्या उठल्या. मी मदतीला पुढं झाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जमतं मला."

अजून मी जाते. त्या दार उघडतात, पाणी देतात. दादांच्या खोलीत मात्र चल म्हणत नाहीत.