नावाड्यानं मान हलवली

आमचं घर बौद्ध. अंगारा-धुपारा, नजर उतरवणं आमच्याकडे कधी नव्हतंच. त्यात मी पांढुर्ण्याला दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला... जे काचेखाली दिसत नाही, ते मी मानत नाही. तरी हे लिहून राहिले, कारण त्या दिवशी मी एकटी नव्हते.

माझे मिस्टर सौसरला शाळेत गणित शिकवायचे. त्यांना एक नाद होता. एका परदेशी फॅन्टसी मालिकेत मेल्यावर उठून आलेले लोक आहेत, त्यांच्या विनाइलच्या बाहुल्या ते जमवायचे. मुठीएवढ्या, डोकं मोठं, मानेत स्प्रिंग. मुकुटवाला सांगाडा, अंगावर गवत उगवलेला घोडेस्वार, बुडून मेलेला नावाडी — अशा चौदा.

मी चिडायचे. "अहो, मेलेल्यांना घरात कशाला आणून राहिले?"

"अवं, मेलेले कुठं? परत आलेले आहेत हे."

दोन वर्षांपूर्वी शाळेतच त्यांच्या छातीत कळ आली, अन् ते गेले. परत-बिरत कोणी आलं नाही.

यंदा सौसरचं भाड्याचं घर सोडून पांढुर्ण्याला एका खोलीत जायचं ठरवलं. बाहुल्या बोरगावच्या कोमलला द्यायच्या होत्या. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिलाही हाच नाद. रविवारी सकाळी अकराला ती खोका घेऊन आली. लाइट गेलेली, पंखा बंद, धुळीमुळे खिडक्या लावलेल्या. मी चौदाही बाहुल्या टेबलावर मांडल्या... आणि पुढे हातच जाईना.

"अहो, देऊन टाकू का?" मी आपली सवयीनं पुटपुटले.

नावाड्याची मान हलली. हळूहळू, वर-खाली. बाकी तेरा जागच्या जागी.

"काकू, टेबलाला धक्का लागला का?" कोमलनं विचारलं.

"नाही."

मी पाण्याचा ग्लास आणून त्याच्या शेजारी ठेवला. पाणी स्थिर. नावाडी आपला हो म्हणूनच राहिला होता.

खरं सांगू? मला 'नाही' ऐकायचं होतं. नको देऊस, राहू दे — असं. मी वाकले अन् विचारलं, "तुम्ही आहात का इथं?"

मान थांबली.

कोमल रडत होती. म्हणाली, "काकू, हा तुमच्यापाशी राहू द्या." बाकी तेरा ती घेऊन गेली.

नंतर मी त्याच टेबलाला धक्के देऊन पाहिले. नावाडी डोलला, पण शेजारच्या ग्लासातलं पाणीही हिंदकळलं. ट्रक गेला असेल म्हणावं, तर रस्ता लांब. ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, जामसावलीच्या मारुतीला जाऊन ये, बाधा उतरेल. पण मला काही उतरवायचंच नाही. भीती वाटली का, असंही लोक विचारतात. नाही वाटली.

मान का हलली, ते मला अजून सापडलेलं नाही. नावाडी आता पांढुर्ण्याच्या खोलीत, गॅसजवळच्या फळीवर असतो. ड्यूटीला निघताना मी त्याच्याशी दोन शब्द बोलते. आज वांगी करू का... कोमलला फोन करू का... सहज हो म्हणता येईल असंच काहीतरी विचारते, अन् चप्पल घालून थोडा वेळ दारात थांबते.