नामुलीची वाट

माझे थोरले दीर हार्टचे डॉक्टर होते. आता रिटायर झालेत, म्हणजे पेशंटांऐवजी नातेवाइकांना लेक्चर देतात. मोझांबिकमधल्या नामुली डोंगराकडे जाऊन आल्यावर त्यांनी अमेरिकेतल्या त्यांच्या बेलव्ह्यूच्या घरी पॉटलक ठेवलं आणि मोठ्या टीव्हीवर फोटो लावले.

फोटो मात्र बघण्यासारखे होते. चहाच्या मळ्यांमागून एकदम उठलेला ग्रॅनाइटचा उघडा कडा, त्यावर पाण्याच्या लांबच लांब काळ्या रेघा. पायथ्याचे लोमवे लोक मानतात की पहिली माणसं याच डोंगरावरून खाली आली. म्हणून वर जायचं तर गावच्या राणीला विचारावं लागतं. आपण पीठ न्यायचं, ती ते झाडाच्या बुंध्याशी वाहून पूर्वजांना कळवते, मग वाट मोकळी.

"राणी कसली, अनवाणी म्हातारी," दीर म्हणाले. "सगळी सकाळ बसवून ठेवलं. माझ्याकडे व्हिसा आहे, ही कोण परमिशन देणार? टोटल सुपरस्टिशन, यार."

नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून, मुहूर्त बघून ती गॅरेजबाहेर काढणारा हा माणूस.

"मग विचारलंत का तिला, भाऊजी?" मी म्हटलं.

"गरजच नव्हती. आम्ही आपले चढलो."

पुढच्या फोटोत पाचोळ्यावर बसलेला बोटाएवढा तपकिरी सरडा होता. त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, व्हेअर वॉज धिस?"

"वरच कुठेतरी."

"कड्याखालच्या जंगलात," जाऊबाई म्हणाल्या. "बाबा नव्हते तिथे. ते राणीसमोरून उठून गेले, मग वाटाड्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. ते खाली गेस्ट हाउसवर वाय-फाय नाही म्हणून चिडून बसले होते. मी पीठ दिलं. राणीने माझा हात धरून मला झाडापाशी नेलं. वर मी एकटी गेले, वाटाड्यांबरोबर."

कोणी हसलं नाही. हसलो असतो तर दिरांना सोपं गेलं असतं. गुडघा दुखत होता, असं काहीतरी ते पुटपुटले. एवढी वर्षं लोकांची हृदयं तपासली, पण एका म्हातारीसमोर मांडी घालून बसणं त्यांना जमलं नाही.

जाऊबाईंनी रिमोट घेतला. तो सरडा त्या डोंगराबाहेर कुठेच सापडत नाही, आणि बटाटे लावायला तिथलं जंगल जाळलं जातंय, हे त्या सांगत होत्या. मुलगी उठून आईशेजारी जाऊन बसली. दीर दोनदा म्हणाले, बिर्याणी गार होतेय. कोणी जागचं हललं नाही.