थ्रिल आणि दोन कुड्या

नातीचे कान टोचायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला ‘थ्रिल’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगितला. एवढंच केलं.

तसं निमित्त तिनंच दिलं. बारशाला टोचायचे राहून गेलेले कान सहाव्या वर्षी टोचून घ्यायला पोरगी एका पायावर तयार होती. दोन महिन्यांनी मावशीचं लग्न, आणि त्यात तिला पणजीच्या मोत्याच्या कुड्या घालायच्या होत्या. विरारच्या आमच्या फ्लॅटभर नाचत ती शाळेतलं इंग्रजी पाजळत होती, ‘आय अ‍ॅम सो थ्रिल्ड.’

शब्द दिसला की त्याचं मूळ उकरायची मला खोड आहे. निवृत्तीनंतर ती बळावली, आणि घरात ऐकणारं गिऱ्हाईक तेवढं एकच. मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, की फार पूर्वी या शब्दाचा अर्थ होता भोक पाडणं, आरपार टोचणं. नाकपुडीला ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात ना, त्याच्या शेपटीतही हेच भोक लपलंय. पुढे आनंद काळजाला असा टोचून जातो की अंगावर शहारा येतो, म्हणून आजचा अर्थ आला. हा खरा गोड भाग. पण मी तिथवर पोचायच्या आत श्रोता मांडीवरून उतरला होता. दोन्ही कानांवर हात ठेवून तिनं जाहीर केलं, की आरपार असेल तर तिला कुड्या नकोत.

बायकोनं डबीतल्या कुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आता तुम्हीच तिला सोनारापुढे बसवायचं,” एवढंच म्हणाली.

जेवताना मी शौर्य जाहीर केलं. आधी आजोबा टोचून घेणार, उजव्या कानात भिकबाळी घालणार, मग तिची पाळी.

सकाळी आगाशीच्या बाजारात सोनाराच्या पेढीवर मी मांडी ठोकून बसलो, शेजारी नातीला घेऊन बायको. त्यानं ताटलीत हळद आणि सोन्याची बारीक तार काढून ठेवली. बघ, काही दुखत नाही, असं नातीला सांगून मी डोळे मिटले. कानाला गार टोक लागलं आणि मी “आई गं” म्हणून असा ओरडलो, की समोरचा वाळवलेली केळी विकणारा सुकेळीवाला गिऱ्हाईक सोडून दारात आला.

सोनारानं हातातलं पेन दाखवलं. “आजोबा, अजून नुसती खूण करतोय.”

नात हसून हसून खाली बसली. तशीच हसत आजीच्या मांडीवर चढली आणि तिनं कान पुढे केला. दोनदा “स्स” झालं, डोळे भरले, आणि पुसायच्या आत तिनं आरसा मागितला. आरशात बघताना तिच्या दंडावर काटा फुललेला मला दिसला. शब्दाचा उरलेला अर्थ तो होता. पण मी, जन्मात पहिल्यांदाच, गप्प बसलो.

मग सोनार दुसरी तार घेऊन माझ्याकडे वळला. नातीनं त्याचा हात धरला.

“काका, आजोबांना पेनाचंच राहू दे. त्यांना तेवढंच झेपतं.”