चेअरमनच्या सुनेचं प्रशिक्षण

माझी सगळी नोकरी लेखाकर्म शिकवण्यात झाली. सुरुवातीची वर्षं दौंडला, नंतरची शिरूरला. निवृत्ती जवळ आली तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीवर नेमणूक झाली आणि इतकी वर्षं जे शिकवत आले ते ठरवणाऱ्यांत जाऊन बसले. हे काम बाहेरून वाटतं तेवढं भारदस्त नसतं. कोणता विषय कोणत्या सत्रात, त्याला किती क्रेडिट, कोणतं प्रकरण गाळायचं आणि ते गाळलं तर कोणत्या महाविद्यालयात कोणाचे तास कमी होतात, यावर दुपार निघून जाते.

व्हॅट काढून जीएसटी घातला तेव्हा फारसा वाद झाला नव्हता. वाद झाला तो तिसऱ्या वर्षाच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणावर. नव्या धोरणात ते सक्तीचं झालं. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. विद्यार्थ्याने ठरलेले तास बाहेर कुठे तरी हिशेबाचं काम करायचं आणि तिथल्या माणसाने त्याला गुण द्यायचे. त्याशिवाय पदवी नाही. शिरूरच्या मुलांना रांजणगाव जवळ होतं. कंपन्या, गोदामं, कंत्राटदारांची ऑफिसं यांत जागा मिळत, मुलं दुचाकीवर जाऊन येत. समितीतल्या पुण्याच्या सदस्यांना आमचा हेवा वाटे.

त्या वर्षी माझ्या वर्गात केंदूरच्या बाजूच्या एका गावातली विद्यार्थिनी होती. दुसऱ्या वर्षात असताना तिचं लग्न झालं होतं. पुढे शिकू देऊ असं सासऱ्यांनी कबूल केलं होतं आणि शब्द पाळलाही होता. ओजेटीच्या जागांची यादी करताना ती म्हणाली, माझं नाव घालू नका, मी पेपर देते आणि थांबते. सगळे पेपर सुटूनही पदवी मिळणार नाही, हे तिला माहीत होतं. कारण विचारलं तेव्हा तिने दोन सांगितली: सासरे रांजणगावला पाठवणार नाहीत आणि घरातून दिवसभर निघता येणार नाही. मी पहिलं धरून चालले.

सासरे गावच्या विकास सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे चेअरमन. गाव त्यांना आबा म्हणे. मी घरी गेले तेव्हा त्यांनी गोठ्यासमोर खुर्च्या टाकायला लावल्या, सगळं ऐकून घेतलं. मुलगा कंपनीत शिफ्ट करतो तेवढं बास झालं, घरातलं दुसरं माणूस तिकडे नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पण सुनेचं वर्ष वाया जावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

"एवढंच ना मॅडम? मंग रांजणगाव कशाला? आपली सोसायटी हाय की. सेक्रेटरीला सांगतो, पाहिजे तसं सर्टिफिकेट लिहून घ्या. शिक्का मारून देतो."

यात लबाडी काही नव्हती. पाहुण्याला आग्रहाने अजून एक पोळी वाढावी तसं ते बोलले. मी म्हटलं, शिक्का नको, खुर्ची द्या. तिला तिथे खरंच काम करू द्या.

शिक्का सोपा होता, खुर्ची अवघड निघाली. सोसायटीच्या ऑफिसात दिवसभर माणसं पेपर वाचत बसतात. तिथे सून कुठे बसणार? शिवाय संचालक म्हणतील, चेअरमनने हिशेबावर घरचं माणूस आणून ठेवलं. निवडणूक तोंडावर होती. मी सांगितलं की पगार नाही, अधिकार नाही आणि गुण द्यायचे ते सेक्रेटरीने, चेअरमनने नाही.

"म्हंजी माझ्या सुनंला मार्क सेक्रेटरी देनार?"

"हो."

"आन् मी काय करायचं?"

"तुम्ही काही नाही."

आबा हसले. चेअरमन झाल्यापासून आपल्याला काहीच करायचं नाही असं काम गावात पहिल्यांदा निघालं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरीला बोलावून टेबल सरकवायला सांगितलं.

नियमात अजून अडचण होती. आमच्याच मसुद्यात 'कंपनी किंवा फर्म' असे शब्द होते, सोसायटी त्यात बसत नव्हती. समितीत मी विषय काढला तेव्हा दौंडकडच्या सदस्याने साथ दिली. राहू गावची मुलं कुठे जाणार, त्यांच्याकडे गुऱ्हाळं आणि सोसायट्या आहेत, असं तो म्हणाला. 'सहकारी संस्था' हे शब्द वाढवायला एक पूर्ण बैठक गेली.

सोसायट्यांची दप्तरं संगणकावर घेण्याचं काम तेव्हा सगळीकडे चालू होतं. इथे संगणक येऊन पडला होता आणि सेक्रेटरींनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. तिने तो काढला. ती सभासदांची खाती एकेक करून भरू लागली. पेपर वाचणारी मंडळी पहिले काही दिवस बाहेरच्या कट्ट्यावर बसली, मग पुन्हा आत आली.

प्रशिक्षणाच्या मध्यावर मार्गदर्शक शिक्षकाने भेट द्यायची असते. मी गेले तेव्हा आबाही तिथे होते. सेक्रेटरींनी फॉर्म जवळजवळ पूर्ण भरला होता. कामाची अचूकता, समज, वागणूक, सगळ्याला चांगले गुण होते. वक्तशीरपणाची ओळ तेवढी कोरी होती. मी त्याबद्दल विचारलं तर त्यांनी आधी आबांकडे पाहिलं.

"काम चोख हाय, मॅडम. त्यात नाव ठेवायला जागा न्हाई. पन येळ दहाची हाय आन् सूनबाई येत्यात साडेअकराला. कवा बाराला. आता आबा हितंच बसल्यात, मी काय लिहू?"

"जे हाय ते लिही," आबा म्हणाले.

सेक्रेटरींनी दहापैकी तीन लिहिले. कोणत्याही मुद्द्यात निम्म्यापेक्षा कमी गुण असतील तर प्रशिक्षण पुढच्या वर्षी पुन्हा करायचं, असा नियम होता. शेवटच्या मूल्यमापनापर्यंत हा आकडा सुधारला नाही तर तिची पदवी वर्षभर लांबणार होती, आणि पुढच्या वर्षी घरून पुन्हा होकार मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. ती संगणकासमोर बसली होती. तिने मान वळवली नाही.

आबा मला चहाला घरी घेऊन गेले. बसल्या बसल्या त्यांनी आत विचारलं, सूनबाईला सोसायटीत जायला रोज उशीर का होतो. सासूबाई स्वयंपाकघरातूनच बोलल्या.

"सकाळच्या धारा कोन काढतं? डेअरीला दूध कोन नेतं? तुमचा डबा, त्याचा डबा, भाकऱ्या. भाकऱ्या काय कंपनीतनं येत्यात व्हय?"

मग त्या बाहेर आल्या. गुडघे धरत खाली बसल्या आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी समद्यांच्या आधी उठती, मॅडम. निजती कवा त्ये कुनी इचारलंय का?" त्यांच्याकडून बसून होणारी कामं त्या करत होत्या, उभ्याने करायची सगळी सुनेवर आली होती. चेअरमनना हे माहीत नव्हतं असं नाही. त्याची बेरीज त्यांनी केली नव्हती.

पुढचं मला विद्यार्थिनीने सांगितलं. दोन दिवसांनी आबांनी दुधाच्या किटल्या स्वतःच्या मोटारसायकलला लावल्या. मुलगा शिफ्टवरून आला की धारा काढू लागला, तेही आबांनी एकदा सांगितल्यावर. डेअरीवर पहिल्याच सकाळी रांगेतल्या कोणी तरी विचारलं, "आबा, सेक्रेटरीनं ड्युटी लावली का काय?" आबा म्हणाले, "व्हय. मार्क कमी पडल्यात." रांग हसली, आबांनी किटल्या उतरवल्या. त्यानंतर ती दहाला ऑफिसात पोचू लागली. स्वयंपाक तिच्याकडेच राहिला. त्यात बदल झाला नाही.

शेवटच्या मूल्यमापनाला आम्ही तेवढेच चौघं होतो. सेक्रेटरींनी वक्तशीरपणाला दहापैकी नऊ दिले होते. पास होण्याचा प्रश्न मिटला होता. पण आबांनी फॉर्म हातात घेतला आणि एक गुण कुठे गेला ते विचारलं. एका सकाळी ती उशिरा आली होती. त्या सकाळी डेअरीच्या वाटेवर आबांची गाडी पंक्चर झाली होती. दूध परत यायला नको म्हणून तिने स्कूटी काढली आणि किटल्या पोचवल्या.

"गाडी माझी पंक्चर झाली. मार्क तिचं का कापतो?"

"आबा, फॉर्मात उशीर लिहायला जागा हाय. कारन लिहायला न्हाई."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "उशीर झाला होता ना."

आबांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. तो आमच्या समितीने तयार केला होता, त्यावर विद्यापीठाचं नाव छापलेलं होतं.

"मंग रकाना घाला की, मॅडम."

गुण नऊच राहिले. तिला पदवी मिळाली. फॉर्मवर खाली मोकळी जागा होती, म्हणून पुढच्या बैठकीत मी 'उशिराचे कारण' असा एक रकाना सुचवला. एका सदस्याने विचारलं, कारणाने गुण बदलणार नसतील तर ते विचारायचं कशाला. त्याचा प्रश्न बरोबर होता. जागा होतीच, म्हणून रकाना मंजूर झाला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन विद्यार्थिनी त्याच सोसायटीत गेल्या. नवा फॉर्म द्यायला मी गेले तेव्हा आबांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"कारन लिहिलं तरी मार्क तेवढंच?"

"तेवढेच, आबा."

"असू द्या," ते म्हणाले आणि फॉर्म सेक्रेटरींकडे सरकवला. "उशीर कुनामुळं झाला त्ये तरी कळंल."