गॅलरीतली गोधडी

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचे हे दिवसभर घरात. लालबागच्या एका खोलीत माणूस बघून बघून काय बघणार? लेकीकडे बघायला लागले. म्हणाले, "अगं, हिची डाव्या पायातली चप्पल सारखी सुटते. हिला कळतही नाही." पाळ्यांपायी त्यांनी तिला अकरा वर्षांत धड चालताना पाहिलंच नव्हतं. आणि मी रोज बघत होते, म्हणून मला दिसलं नाही.

तिच्या कमरेवर जन्मापासून केसांचा झुबका. आम्ही आपली त्याला देवीची खूण समजून हळद लावायचो!

परळच्या इस्पितळात आमच्या गावाकडची शेजारीण सोबत आली, तिचा भाऊ तिथं वॉर्डबॉय म्हणून. डॉक्टरांनी झुबका पाहिला, डावं पाऊल उजव्यापेक्षा लहान असल्याचं दाखवलं, डाव्या तळव्याला टाचणी टोचली. पोरगी हूं नाही की चूं नाही. मग विचारलं, "झोपेत लघवी होते?"

"नाही," मी पटकन म्हणाले.

लेक माझ्याकडे बघतच राहिली. वर्षभर मी तिची ओली गोधडी घरातच, मोरीवर वाळत घालत होते. दोनदा मारलंही होतं. पण शेजारणीसमोर हो कसं म्हणू? मुलीची जात, उद्या सगळ्या चाळीत झालं असतं.

"मग घाई नाही. सहा महिन्यांनी दाखवा."

जिन्यात लेक हळूच म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाही गं करत."

मी तशीच मागे फिरले. शेजारीण मागोमाग, म्हटलं, ऐकू दे. "डॉक्टर, खोटं बोलले. रोज होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हिच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खाली चिकटलाय. हा झुबका त्याचीच खूण. ही उंच होते तसा तो ताणला जातो. सोडवायला हवा, लवकर. गेलेलं परत येईलच असं नाही. आहे ते तरी वाचेल."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाकावर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, "डावा अंगठा हलव." काहीच नाही. मी पदर तोंडात धरला. "हलव बघू." मग हलला. एवढासा.

पाऊल लहान राहिलं ते राहिलंच. पण चारेक महिन्यांनी एका सकाळी गोधडी चाचपली. पुन्हा चाचपली. उचलली आणि गॅलरीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोरीवर टाकली.

शेजारीण बाहेर आली, हात लावून बघितलं. "काय गो, सुकी गोधडी कित्याक वाळत घातलंस?"

म्हटलं, "असांदे. वारो लागांदे तिका."