पुसलेल्या फुल्या

बोगद्यात सुरुंग उडाला की धूर निवळल्यावर पहिल्यांदा आत जायचा मान ठोकेबुवांचा. तीस वर्षांत हा मान दुसऱ्या कुणी मागितला नव्हता. पहारीने छत ठोकत जायचं; पोकळ वाजलं तिथे खडूची फुली मारायची, सुटलेला दगड पाडायचा, फुली पुसायची. जुनी फुली म्हणजे शिळी भीती, असं त्यांचं मत. वहीत त्यांची सही झाल्याशिवाय कामगारांची पाळी आत शिरत नसे. घरी पाहुण्यांची मतंही ते अशीच वाजवून घेत.

मुलगी आकारांचं गणित शिकली. त्यात भोकं मोजतात, एवढं बुवांना कळलं होतं. “भोकं मोजायला सोळा वर्षं?” असं ते कँटीनमध्ये ज्याला-त्याला विचारत. तेवढंच पोरगी शिकल्याचं पुन्हा सांगता येई.

पुढे ती त्याच बोगद्यावर नेमली गेली. सुरुंगानंतर खडक जिथे जिथे कुरकुरे, तिथे यंत्रं पडद्यावर ठिपका टाकत. ती ते ठिपके फुगवत नेई. एकमेकांना टेकून त्यांचं कडं झालं आणि लगेच बुजलं, तर योगायोग. बरंच फुगवूनही मधलं भोक बुजलं नाही, तर आतला तुकडा सुटत चाललाय.

एका सकाळी भोक बुजेना. बुवांनी छत ठोकलं, खणखणीत. साहेबांच्या मते हादऱ्याचा आकडा मर्यादेत होता, आणि वहीत पडद्याची सही चालत नव्हती. वीस माणसं हेल्मेट घालून दाराशी उभी.

“बाबा, तुमचा कान हातभर खोल ऐकतो,” मुलगी म्हणाली. “हे त्याच्या वर आहे.”

बुवांच्या कानाची लांबी आजवर कुणी काढली नव्हती. ते लाल झाले. मग त्यांनी विचारलं, “मागचे ठिपके पुसतेस का?”

“नाही. पाच दिवसांच्या पाच सुरुंगांचे आहेत.”

बुवा खडू घेऊन एकटेच आत गेले. पाच दिवसांत पुसलेल्या फुल्या त्यांनी आठवून आठवून पुन्हा मारल्या आणि खाली उभे राहून वर पाहिलं. पडद्यावरचं कडं छतावर होतं.

बाहेर येऊन त्यांनी वहीत लिहिलं: आत जायचं नाही. खाली सही केली आणि मुलीलाही करायला लावली.

दुपारी छतातून ट्रकभर खडक रिकाम्या जागेवर उतरला. साहेबांनी तपासलं; आकडा मर्यादेतच होता.

बुवा आता फुल्या पुसत नाहीत. कँटीनमध्ये प्रश्नही विचारत नाहीत. “भोकं मोजायला सोळा वर्षं लागतात,” असं सांगतात, आणि समोरच्याला घाई असली तरी पहिल्यापासून सांगतात.