आज निळं आलं

आमच्या सोसायटीत कुणाला नव्याने डायबेटिस निघाला की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्याला चालायला सांगतो, जेवणाच्या वेळा सांगतो, रोज तळपाय बघायला सांगतो. बिनसाखरेचा चहा पाजतो. त्याला जरा धीर येतो आणि तो घरी जातो. यातली खरी गोष्ट मात्र मी आजवर टाळत आलो. आता ऐंशी ओलांडली आहे. अजून टाळली तर राहूनच जाईल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गिरगावातली खोली सोडून आम्ही मुलांसह नुकतेच वाशीच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मला सारखी तहान लागायची, लघवीला उठावं लागायचं, पँट कमरेवर ठरत नव्हती. खाडीचा वारा मानवत नसेल असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"सावंत, डायबेटिस आहे. म्हणजे मधुमेह. साखर अंगी न लागता रक्तात साचते आणि लघवीतून जाते. हा पाहुणा परत जाणारा नाही. त्याला सांभाळूनच राहायचं."

माझी बायको विमल शेजारी बसली होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "आणि आंबा?"

"यांना बंद."

विमलचं माहेर देवगडकडचं. दर वर्षी सासरे एसटीने हापूसची पेटी पाठवायचे. मोरीपाशी उभी राहून, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर ती आंबा खायची. घरी आल्यावर तिने देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, "सलग महिनाभर तुमची लघवी चांगली येईपर्यंत मी आंबा सोडला."

"अगं, आजार मला झालाय."

"म्हणून तर. तुम्ही सोडणार ते नाइलाजाने. देवाला त्याचं काय कौतुक?"

आमच्याकडे असंच असतं. मागणं मागायचं तर जीव जडलेली वस्तू सोडायची.

तेव्हा घरी बोटातून रक्त काढून तपासायची सोय आमच्यासारख्यांकडे नव्हती. बेनेडिक्ट सोल्यूशन नावाचं निळं औषध मिळायचं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, मग पिवळा, फार असेल तर विटकरी. मी बाटलीत लघवी आणून द्यायचो, विमल बाल्कनीत बसून उकळायची. सोवळंओवळं पाळणारी बाई, पण या कामाला तिने कधी नाक मुरडलं नाही. "अहो, आज हिरवं आलंय! उद्या निळं येतंय बघा," असं ती तिथूनच ओरडायची.

मला मात्र गोडाची ओढ सोडवत नव्हती. सकाळच्या चहाच्या वाफेतसुद्धा मी साखर शोधायचो. तुर्भ्याच्या कारखान्यात जवळच्या शिरवणे गावचा बाळाराम माझ्या शेजारी काम करायचा. त्याच्या घरी बारसं झालं आणि त्याने पेढे आणले.

"सावंत, तुजा तोंड असा काय कडू झालाय? घे, येक खा. वैनीला कोन सांगनार हाय?"

मी एक खाल्ला. मग आणखी दोन. पुढे कँटीनमध्ये जिलबी व्हायची त्या दिवशी मी दुपारची वाट बघायला लागलो.

पेढे खाल्ले त्याच्या दुसऱ्या सकाळीच नळी विटकरी झाली होती. विमलला वाटलं, भात जास्त वाढला गेला. तिने माझा भात कमी केला आणि स्वतःचाही. पुढे असं दोनतीनदा झालं. तिचा तो उतरलेला चेहरा मला बघवेना. खाणं सोडणं हा एक उपाय होता. मी दुसरा केला. बाटलीत नळाचं पाणी मिसळू लागलो.

"आज निळं आलं!" ती बाल्कनीतून धावत आली. मग रोज निळंच येत गेलं.

मे महिना संपत आला. पेटीतले शेवटचे आंबे सुरकुतायला लागले होते. महिना पुरा व्हायला चार दिवस कमी होते. मीच म्हणालो, "खा गं आता. देव काय बोटं मोजत बसलाय?" ती थोडी घुटमळली आणि मग खाल्ला, मोरीपाशी उभी राहून, डोळे मिटून. मी दारातून बघत होतो. तिला इतकं सुखात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पावसाळ्यात नवीन बूट चावला. पायाला बधिरपणा आला होता, त्यामुळे मला कळलंच नाही. याला न्यूरोपथी म्हणतात. साखरेने नसा मंदावतात आणि जखम दुखत नाही. म्हणून मी सगळ्यांना तळपाय बघायला सांगतो. जखम चिघळली, ताप भरला आणि हॉस्पिटलमध्ये करंगळी काढावी लागली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी निळं येत होतं म्हणता. मग रक्तात एवढी साखर कशी?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे बघितलं. शेवटी तेच म्हणाले, "काही जणांच्या लघवीत उतरत नाही, असंही असतं."

तेव्हा विमल खालमानेने म्हणाली, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी चार दिवस आधी आंबा खाल्ला."

डॉक्टर हसले. "वहिनी, तुम्ही खाल्लेल्या आंब्याने यांची साखर वाढायला लागली तर आम्हाला दवाखाने बंद करावे लागतील!"

खोलीतली नर्सही हसली. विमल हसली नाही. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं.

इन्सुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज उकळायला ती शिकली, टोचायलाही शिकली. टोचताना ओठ दाताखाली धरायची, जणू सुई तिलाच लागतेय. त्यानंतर मी चोरून एक कणही खाल्ला नाही. रंग खरोखर निळा येऊ लागला. पण आंबा तिने पुन्हा तोंडात घातला नाही. सासरे पेटी पाठवत राहिले. ती मुलांना फोडी कापून द्यायची आणि लगेच हात धुवायची. बोटसुद्धा चाटायची नाही.

एकदा मी सुरुवात केली होती. "विमल, ते तेव्हाचं निळं आलं होतं ना..."

"नका ना ते काढू," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमचं बोट गेलं. मी विसरले नाहीये." आणि ती पोळ्या लाटायला निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दशक सरता सरता तिच्या हृदयाने दगा दिला. मी तिच्या कॉटपाशी बसलो होतो. भेटायची वेळ संपत आली होती. आज सांगायचंच, असं ठरवून मी वाकलो. तिने डोळे उघडले.

"तुमचं इंजेक्शन झालं का?"

"झालं. मीच घेतलं."

"हात नाही ना थरथरला?"

"नाही."

"मग जेवून घ्या. टोचल्यावर उपाशी राहू नका." वॉर्डबॉयने घंटा वाजवली. मी उद्या सांगेन म्हणून उठलो. उद्या ती नव्हती.

नव्याने निदान झालेल्यांना एवढंच सांगतो : गोड खाल्लंत तर खाल्लं म्हणून सांगा. घरचे चिडतील, रडतील, पण खऱ्या रंगावर रडतील.

विमल, बाटलीत मी पाणी घातलं होतं. तुझ्या आंब्याने काही झालं नाही. मला माफ कर.